बारा किलोंचं शून्य

गादीकाकांना राग येतो, ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हती. एकाच गॅरेजात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, पण कुणाला उलट बोलला, कुणावर ओरडला, असं एकदाही झालं नव्हतं. राग आला की ते सुईत दोरा ओवायला घेत. दोरा आत जाईपर्यंत राग गिळून होई. घरी जेवताना मात्र तो बाहेर पडे, आणि काकू म्हणत, "इथे माझ्यासमोर वाघ, आणि तिथे?"

"तिथे शेळी," काका म्हणत. "वाढ भाजी."

गॅरेज मोठं होतं. पुढे काचेची खोली, तिथे ग्राहक बसत. मग दुरुस्तीचा लांबलचक हॉल, मग रंगाचा विभाग, आणि रंगाच्या वासातून नाक दाबून पुढे गेलं की अगदी टोकाला काकांची खोली. एक खिडकी, एक जाड कापडाचं शिलाई मशीन, भिंतीला टांगलेल्या कात्र्या आणि छतापर्यंत फोमचे तुकडे. फाटलेली, दबलेली, उंदरांनी कुरतडलेली, मुलांनी ओकलेली, अशी प्रत्येक सीट शेवटी या खोलीत येई. पुढच्या काचेच्या खोलीत 'आमचे तज्ज्ञ' असा एक फलक होता. त्यावर इंजिनवाल्यांचे, रंगवाल्यांचे, एवढंच काय, गाड्यांची ने-आण करणाऱ्या ड्रायव्हरचेही फोटो होते. काकांचा नव्हता. फोटो काढायला माणूस आला तेव्हा ते मागे शिवत बसले होते आणि त्यांना बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. "तुमचं काम लोकांच्या बुडाखाली," काकू म्हणाल्या होत्या, "तोंडावर कोण लावणार?"

काम त्यांनी मामांकडून उचललं. बापाच्या माघारी मामांनीच सांभाळलं, आणि मामा गाद्या भरत. सातवीनंतर शाळा सुटली आणि हातात दाभण आला. मामांची एक शिकवण होती : गादी डोळ्यांनी बघायची नाही, तळहाताने ऐकायची. काका अजूनही सीटवर पालथा हात ठेवून डोळे मिटत आणि सांगत, "याच्यावर बसणारा उजव्या कुशीवर कलतो. पाकीट मागच्या खिशात ठेवत असणार." ते बहुधा खरं निघे. मामांची आणखी एक रीत त्यांनी सोडली नव्हती. नव्या गादीवर कव्हर चढवलं की तिच्यावर वाळूची चपटी पिशवी रात्रभर ठेवायची. बारा किलोंची, काकांनी स्वतः शिवलेली. त्याने फोम बसतो, शिवणी जागच्या जागी येतात आणि कव्हराला पुढे सुरकुती पडत नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही सीटला सुरकुती पडली नव्हती, आणि हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.

तर त्या आठवड्यात एक पांढरी गाडी आली. चष्मेवाले गृहस्थ चालवत होते आणि शेजारच्या सीटवर त्यांची बायको. चणीने इतकी लहान की पाय खाली टेकायचे नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला होता. गॅरेजच्या इलेक्ट्रिशियनने कॉम्प्युटर लावून निदान केलं : शेजारच्या सीटखालचा सेन्सर मेला आहे. या इलेक्ट्रिशियनला सगळे 'मीटर' म्हणत, कारण मीटर त्याच्या गळ्यातच असे, जेवतानासुद्धा.

हा सेन्सर म्हणजे फोमखाली घातलेली एक पातळ चटई. सीटवर कुणी बसलंय का आणि बसलेलं माणूस मोठं आहे की मूल, हे ती वजनावरून ओळखते. मोठं माणूस असेल तर अपघातात समोरची एअरबॅग फुगते. सीट रिकामी असेल किंवा मूल असेल तर ती फुगत नाही, कारण तिचा दणका मुलालाच मारील. एअरबॅग अशी बंद असली की डॅशबोर्डवर एक छोटा पिवळा दिवा लागतो. मोठं माणूस बसलं की तो विझतो.

नवा माल खोक्यातून आला : गादीचा फोम, चटई आणि तिला जोडलेली एक चिमुकली डबी. काका आधी भडकले, अर्थात मनातल्या मनात. चटईतली एक तार तुटली म्हणून अख्खी धडधाकट गादी फेकायची? ही कसली उधळमाधळ! त्यांनी मीटरला विचारलं, "नुसती चटई नाही का रे मिळत?"

"नाही काका. तिन्हींची जुळणी कारखान्यातच केलेली असते. गादी वेगळी घातली की वजनाचा हिशोब चुकतो."

काका रात्री यावर विचार करत राहिले आणि सकाळी त्यांना ते पटलं. मऊ गादीतून वजन वेगळं उतरतं, कडक गादीतून वेगळं. हे तर मामाही सांगत. ज्याने ही चटई केली त्याला गादी कळते, एवढं त्यांनी मनाशी कबूल केलं, आणि मग जन्मात केलं नसेल इतक्या निगुतीने ते काम केलं. चटईला घडी पडू दिली नाही. कव्हर ताणून तारेच्या कड्या एकेक करून लावल्या. सीट गाडीत बसवली, बोल्ट आवळले, जोडणी लावली. आणि संध्याकाळी जाताना सवयीने वाळूची पिशवी सीटवर ठेवून वर प्लास्टिक पांघरलं.

यानंतर एकच काम राहिलं होतं, आणि ते मीटरचं. नवी गादी बसवली की कॉम्प्युटर लावून सेन्सरला एकदा सांगावं लागतं की ही सीट आत्ता रिकामी आहे, हेच तुझं शून्य. गॅरेजात याला 'झीरो घेणं' म्हणत. पुढे सगळी वजनं या शून्यापासून मोजली जातात. नेहमी मीटर झीरो दुपारी घेई, काकांनी गाडी हातात दिल्यावर.

दुसऱ्या दिवशी काकांची बस चुकली. ते साडेनऊला आले, पिशवी उचलली, प्लास्टिकची घडी केली, सीटवरून हात फिरवला. कापड आरशासारखं बसलं होतं. खुशीत येऊन ते हॉलमध्ये गेले आणि मीटरला म्हणाले, "चल बाबा, तुझा झीरो घे."

"घेतला की सकाळीच," मीटर म्हणाला. तो दुसऱ्या गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. "कॉम्प्युटर दिवसभर या निळ्या गाडीला लागणार होता, म्हणून आधी तिचं उरकून टाकलं. लाल दिवा गेला. चकाचक."

"सकाळी कधी?"

"आठ वाजता."

काका गाडीखाली वाकले. "अरे, आठ वाजता तिच्यावर माझी पिशवी होती!"

मीटरचे पाय थांबले. मग तो बाहेर आला. "कसली पिशवी?"

"वाळूची. बारा किलो. प्लास्टिकखाली."

"मी ड्रायव्हरच्या बाजूने बसलो, काका. मला वाटलं, तुमचं काही पॅकिंग असेल."

"सीटवर डोंगर दिसतोय, आणि तू त्याला रिकामी म्हणालास?"

"अहो, पण लाल दिवा गेला ना! चूक असती तर पुन्हा लागला असता. बसून बघा हवं तर."

काका जाऊन बसले. मीटरने चावी फिरवली. पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. "बघा!" मीटर म्हणाला. "तुम्हाला ओळखलं. मोठा माणूस." काकांनाही क्षणभर हायसं वाटलं. पण बसल्या बसल्या त्यांनी बोटांवर हिशोब केला. आपलं वजन अडुसष्ट. त्यातले बारा गेले तरी छप्पन्न उरतात. मी ओळखला जाणारच. मीटर तर चौऱ्याऐंशी किलोंचा गडी. बारा किलो कमी धरले जाताहेत हे कळायला इथे हलकं माणूस बसायला हवं.

हॉलमध्ये मावशी फडकं मारत होत्या. अठरा वर्षं त्या या गॅरेजातल्या गाड्या आतून पुसत आल्या होत्या. काकांनी हाक मारली, "मावशी, जरा या. इथे बसा."

"कुठे, सीटवर?" मावशी हसल्या. "नको हो दादा, साहेब ओरडतील. मागे एकदा नुसती टेकले होते तर केवढं बोलले."

"मी सांगतोय. बसा."

मावशींनी साडी झटकली, हात पुसले आणि कुणाच्या घरी पाहुणं जावं तशा अंग चोरून बसल्या. मीटरने चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. विझला नाही. तिघं त्याच्याकडे बघत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. दिवा आपला लागलेलाच.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही लहान मूल आहात म्हणे," मीटर म्हणाला.

"अगं बाई! नातवाला सांगते."

मीटर हसला. काका हसले नाहीत. ते मावशींना घेऊन सुट्या भागांच्या गोदामात गेले आणि तिथल्या काट्यावर त्यांना उभं केलं. बावन्न किलो. मग गाडीची पुस्तिका उघडून मीटरसमोर धरली. मोठ्या माणसाची खालची हद्द सेहेचाळीस. मावशी सहा किलोंनी जास्त होत्या. जिवंत, धडधाकट, बावन्न किलोंची बाई, आणि गाडीच्या लेखी ती चाळीस किलोंचं पोर! ती चष्मेवाल्यांची बायको काय, मावशींहून किंचित हलकीच असेल. उद्या समोरून कुणी धडकलं तर नवऱ्यापुढची एअरबॅग फुगेल आणि तिच्यापुढची मिटलेली राहील. तिचं डोकं सरळ काचेवर. काकांची कानशिलं तापली. खिशात सुई होती, दोरा होता. त्यांनी हात घातला नाही.

ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे गॅरेजचे व्यवस्थापक. वय चौतीस, बोलण्यात गोड आणि ऐकण्यात कच्चे. काकांनी सगळं सांगितलं, पिशवीसकट.

"काका," साहेब म्हणाले, "लाल दिवा गेलाय ना?"

"गेलाय. पण..."

"ग्राहकाची तक्रार कशाची होती? लाल दिव्याची. ती मिटली. गाडी धुऊन तयार आहे, ते दोघं बाहेर येऊन बसलेत. कॉम्प्युटर निळ्या गाडीला आहे, तो मध्येच काढला तर तिचं काम पहिल्यापासून. पुढच्या सर्व्हिसला येतील तेव्हा बघू."

"पुढची सर्व्हिस सहा महिन्यांनी."

"मग? रोज अपघात होतात का?"

"होत नसतील तर ती एअरबॅग गाडीत घालतात कशाला, साहेब? शोभेला?"

साहेबांनी मान वर केली. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "काका, तुम्ही शिवणकाम बघा. इलेक्ट्रिकचं मीटर बघेल. काय रे?"

मीटर दारात उभा होता. त्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि मग गळ्यातल्या मीटरकडे. "तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

"आत्ता डोळ्यांनी बघितलंस ना रे?" काका म्हणाले. "मावशी बसल्या होत्या ना?"

"मावशी!" साहेब म्हणाले. "मावशींना ग्राहकाच्या सीटवर बसवलंत? कुणाला विचारून?"

इथे काय झालं कुणास ठाऊक. सत्तावीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं असावं. एका बाईचा जीव जाईल म्हणून सांगायला आलेल्या माणसाला हा साहेब विचारतो, मावशींना कुणी बसवलं! अठरा वर्षं सीटा पुसणाऱ्या बाईने दोन मिनिटं टेकलं तर सीट बाटते, आणि सीटच आंधळी निघाली तर चालते!  काका वळले आणि चालू लागले. मागे आपल्या खोलीकडे नाही, पुढे.

काचेच्या खोलीचं दार त्यांनी कधी ढकललं नव्हतं. गोंदाचे डाग पडलेल्या चपला घालून ते आत गेले. चष्मेवाले फोन बघत होते. त्यांची बायको खुर्चीत बसली होती, इथेही पाय अधांतरी.

"पांढरी गाडी तुमची ना?" काका म्हणाले.  "ती आत्ता नेऊ नका."

"का? आता काय झालं?"

काकांनी सांगितलं. पिशवी कशाला ठेवली, ती असताना शून्य कसं घेतलं गेलं, त्याने बारा किलो कसे कमी मोजले जातात. पाठोपाठ साहेब धावत आले, पण ग्राहकासमोर ओढून कसं नेणार? ते हसत उभे राहिले. हसू गालावर शिवल्यासारखं दिसत होतं.

"म्हणजे माझ्या गाडीच्या सीटवर तुम्ही वाळू ठेवलीत?" चष्मेवाले उसळले.

"ठेवली."

"नव्या सीटवर? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. आमच्या कामाची रीत आहे. या सीटला ती चालत नाही हे मला कळायला हवं होतं. चूक माझीही आहे. पण..."

"कमाल आहे! आम्ही इथे विश्वासाने गाडी देतो, आणि तुम्ही त्यावर पोती रचता? साहेब, हे काय चाललंय? असली माणसं ठेवता तुम्ही?"

"आम्ही नक्कीच दखल घेऊ, सर," साहेब म्हणाले. त्यांचं हसू एकदम मोकळं झालं.

काकांना वाटलं, धरणी दुभंगावी. किंवा नको, धरणी कशाला, या माणसाचा चष्मा तरी दुभंगावा. ज्याची बायको वाचावी म्हणून आपण नोकरीवर पाणी सोडायला निघालो, त्याला वाळूचं पडलंय!

"अहो, जरा ऐका तरी ते काय सांगताहेत," बायको म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. काकांच्या खांद्याला लागत होती. "काका, म्हणजे मी बसले तर गाडीला मी मूल वाटेन?"

"हो बाई."

"आणि मुलासाठी ती फुगत नाही."

"नाही."

"ह्यांची फुगेल?"

"त्यांची फुगेल."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्याने फोन खिशात ठेवला. "ते नीट झाल्याशिवाय मी तिच्यात बसायची नाही," बाई साहेबांना म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

 साहेबांनी मागोमाग आलेल्या मीटरकडे बघितलं.

"आठ मिनिटं," मीटर हळूच म्हणाला.

आठ मिनिटं! काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा. या आठ मिनिटांसाठी सव्वा तास घासाघीस चालली होती.

निळ्या गाडीचा कॉम्प्युटर निघाला. मीटरने या वेळी शेजारचं दार उघडून सीट डोळ्यांनी पाहिली, वर हात फिरवला, मग दार लावून झीरो घेतला. बाई सीटवर चढून बसल्या. पिवळा दिवा लुकलुकला, रेंगाळला आणि विझला. काकांनी त्यांना दोनदा उतरवून पुन्हा बसवलं. दोन्ही वेळा विझला. "आता मोठी झाले वाटतं मी," बाई म्हणाल्या.  गाडी निघाली तेव्हा चष्मेवाल्यांनी साहेबांना हात केला. काकांकडे त्यांची पाठ होती.

तीन वाजता केबिनमधून बोलावणं आलं. टेबलावर एक छापील कागद होता. काकांनी चष्मा लावून सावकाश वाचला. 'कारागिराने परवानगीशिवाय सीटवर वजन ठेवल्यामुळे कामात चूक झाली व ग्राहकास विलंब झाला. तसेच कारागिराने ग्राहक-कक्षात प्रवेश करून संस्थेची प्रतिमा मलीन केली. कारागिराची सही.'

"फक्त सही करा," साहेब गोडीत म्हणाले. "फाइलला लागतं. मनाला लावून घेऊ नका."

"मीटरचा कागद कुठे आहे?"

"त्याचं आम्ही तोंडी सांगितलंय."

"आणि तुमचा?"

साहेबांनी पेन पुढे सरकवलं.

"यात लिहिलंय ते खोटं नाही," काका म्हणाले. "वजन मी ठेवलं. पण हे अर्धं आहे. उरलेलं लिहितो, मग सही करतो."

"कागदावर जागा नाहीये, काका."

"मागे आहे."

त्यांनी कागद उलटा केला, खुर्ची ओढली आणि न विचारता बसले. सातवीनंतर त्यांनी सहीपलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं. पेन दाभणासारखं मुठीत धरून, एकेक अक्षर टाका घालावा तसं घालत त्यांनी लिहायला घेतलं. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा खाकरले. काकांनी वर बघितलं नाही. तारीख घातली, सही केली आणि कागद पुढे सरकवला.

'पिशवी मी ठेवली. ती सीटवर असताना शून्य घेतलं, कुणी बघितलं नाही. साडेनऊला चूक कळली. मावशींना बसवून पडताळली, वजन बावन्न किलो. साडेदहाला साहेबांना सांगितली. तरी गाडी तशीच देणार होते. म्हणून मी पुढे गेलो. पुन्हा असं झालं तर पुन्हा जाईन.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "यात 'देणार होते' म्हणजे कोण, ते लिहिलं नाही तुम्ही."

"लिहू?" काकांनी विचारलं, आणि पुन्हा पेन उचललं.

साहेबांनी कागद घाईने फाइलमध्ये घातला.